करार फसला म्हणून देवाने दुसरा केला?

एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा सारांश असा: देवाचा करार म्हणजे सौदा. इस्राएलने अटी मोडल्या, करार फसला, तेव्हा देवाने तो फाडून येशूच्या द्वारे नवा केला. जुना नियमांचा, नवा कृपेचा. मग ख्रिस्ती माणसाने जुना करार वाचायचाच कशाला?

आधी सौद्याचं बघू. हिब्रू भाषेत करार, म्हणजे 'बरीथ', करत नाहीत, 'कापतात'. का, ते बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात दिसतं. अब्राम, म्हणजेच पुढचा अब्राहाम, तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून अर्धे भाग समोरासमोर मांडतो. गिधाडं झडप घालतात, तो त्यांना हाकलत बसतो. असा करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे. करार मोडणाऱ्याची गत त्या वासरासारखी होईल, हे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३४व्या अध्यायात स्पष्टच आहे. पण इथे सूर्य मावळतो, अब्रामला गाढ झोप लागते आणि तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, देवाच्या उपस्थितीची खूण. अब्राम जातच नाही. सौद्यात एक पक्ष झोपलेला चालतो का?

हिब्रू शास्त्राच्या ग्रीक अनुवादकांनाही हे जाणवलं असावं. दोन पक्षांच्या समझोत्यासाठी 'सिंथेके' हा शब्द हाताशी असताना त्यांनी 'दियाथेके' निवडला, ज्याचा रोजचा अर्थ मृत्युपत्र.

आता 'फाडला'. कुठला? नोहाशी झालेला, अब्राहामाशी झालेला, मोशेच्या हातून सीनाय डोंगरावर इस्राएलशी झालेला, की दाविदाचा? मजकूर लिहिणाऱ्याने सगळे एकाच पोत्यात भरलेत. (अर्धा घोळ नावाचा आहे: 'जुना करार' हे ३९ पुस्तकांचंही नाव आणि सीनायच्या कराराचंही.) सीनायच्या कराराला अटी होत्या आणि त्या मोडल्या गेल्या, हे खरं. इब्री लोकांस पत्र ८:१३ त्याला जुना झालेला म्हणतं, हेही खरं. पण प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात बजावतो की ४३० वर्षांनी आलेलं नियमशास्त्र, म्हणजे सीनायचे नियम, अब्राहामाला आधी दिलेलं वचन रद्द करू शकत नाही. आणि 'नवा करार' हे शब्द मुळात यिर्मयाचे, ३१व्या अध्यायातले. तो करार होणार इस्राएल आणि यहूदाच्या घराण्याशी. नियमशास्त्र त्यातही आहेच, फक्त दगडी पाट्यांऐवजी हृदयावर लिहिलेलं.

नियम विरुद्ध कृपा ही वाटणी तर दहा आज्ञांच्या पहिल्याच ओळीत कोसळते. आज्ञा सुरू होण्याआधी देव म्हणतो, तुला मिसरातून, दास्यातून काढणारा मीच. आधी सुटका, मग आज्ञा.

राहिला प्रश्न वाचायचं कशाला. हे दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने विचारून झालंय. हिब्रू शास्त्र त्याने बाजूला सारलं आणि इ.स. १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने (चर्चने) त्यालाच बाहेर काढलं. शेवटच्या भोजनात येशू प्याला उचलून 'कराराचे रक्त' म्हणतो, तेव्हा तो निर्गम पुस्तकाच्या २४व्या अध्यायातले मोशेचे शब्द उच्चारतो. तिथे सीनायचा करार करताना मोशे अर्धं रक्त वेदीवर टाकतो, अर्धं लोकांवर शिंपडतो. ते पान ज्याने वाचलंच नाही, त्याला हा प्याला कुठून आला ते कळणार कसं?