पडदे दोन, चित्र एकही नाही

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडणे हे काम इतके किरकोळ समजले जाते की ते जमत नाही असे चारचौघांत सांगायचीही सोय नसते. केबल खोचली की चित्र येते. त्यात सांगण्यासारखे ते काय? मात्र लॅपटॉपवर लिनक्स ही कार्यप्रणाली असेल, आणि त्यातही मालकाने मोठ्या हौसेने कमीत कमी सामानाचा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम, बसवलेला असेल, तर केबल खोचल्यावर सर्वप्रथम जे घडते ते म्हणजे काहीही घडत नाही.

कळफलकाच्या वरच्या ओळीतील एका कळीवर दोन पडद्यांचे इवलेसे चित्र असते. माझ्या व्यवस्थेत ही कळ आपल्याला दाबले गेले आहे एवढेच कळवते आणि गप्प बसते. पुढे काय करायचे ते मालकाने लिहून ठेवायचे असते. मी चार अवस्थांचे चक्र लिहून ठेवले आहे: केवळ लॅपटॉप, दोन्हींवर तेच चित्र, दोन्ही मिळून एक लांबलचक पृष्ठभाग, आणि केवळ बाहेरचा मॉनिटर. कागदावर हे चक्र निर्दोष आहे. अडचण अशी की मॉनिटरला जागे व्हायला काही क्षण लागतात आणि तेवढ्या वेळात दोन्ही पडदे काळेच राहतात. त्या काळोखात माणूस जेवढा धीर धरू शकतो, त्यापेक्षा मॉनिटरला लागणारा वेळ नेमका थोडा अधिक असतो. म्हणून मी पुन्हा कळ दाबतो, आणि चित्र उमटण्याच्या बेतात असतानाच यंत्रणा आज्ञाधारकपणे पुढच्या अवस्थेत निघून जाते. मॉनिटर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी दाखवतो, ती पाटी डावीकडून उजवीकडे तरंगत जाते, आणि मी तिसऱ्यांदा कळीकडे हात नेतो.

अशा वेळी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याची खिडकी, उघडून पडद्यांची मांडणी पाहण्या-बदलण्याची ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा द्यावी, असे सर्व जाणकार सांगतात. तिच्या उत्तरात ‘ईडीपी-१’ म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा आणि ‘एचडीएमआय-१’ म्हणजे बाहेरचा, अशी नावे दिसतात, आणि दोघांपुढेही ‘जोडलेले आहे’ असा निर्वाळा असतो. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात ‘ईडीआयडी’ नावाची किमान १२८ बाइटांची नोंद असते. नोकरीच्या अर्जासोबत परिचयपत्र जोडावे तशी ती केबलीतून लॅपटॉपकडे येते आणि मॉनिटरचे नाव, त्याला झेपणारी रिझोल्यूशन्स आणि त्याचा आकार कळवते. माझ्या मॉनिटरने आपली रुंदी १६० मिलिमीटर आणि उंची ९० मिलिमीटर असल्याचे लिहून दिले आहे. टेबलाचा निम्मा भाग व्यापणारी ही वस्तू स्वतःला तळहाताएवढी समजते, कारण कारखान्यात कोणीतरी आकाराच्या जागी १६ : ९ हे प्रमाणच भरून टाकलेले असते. अक्षरे किती मोठी काढायची याचा हिशेब काही प्रोग्राम याच आकड्यांवरून करतात. तळहाताएवढ्या पडद्यावर बारीक अक्षरे वाचकाला दिसणार नाहीत अशी काळजी त्यांना वाटते, आणि मग माझ्या टर्मिनलात एका ओळीत जेमतेम एखादे वाक्य मावते.

या विषयातील जाणकाराला काहीही विचारले तरी त्याचा पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असतो: “तुम्ही एक्स-११ वर आहात की वेलँडवर?” लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या उमटवणाऱ्या या दोन प्रणाली. त्यांतली एक्स १९८४ साली अमेरिकेतील एमआयटीत जन्मली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ सालची. चालू यंत्रात पडदे जोडण्या-काढण्याची धड सोय तिच्यात २००७ च्या सुमारास आली, आणि पुढच्याच वर्षी वेलँडचे काम सुरू झाले. परिणामी, मिळणारा निम्मा सल्ला एका प्रणालीसाठी असतो आणि उरलेला दुसरीसाठी. वेलँडवर ‘एक्सरँडआर’ चालवले तर ते सौजन्याने उत्तर देते, पण त्याने केलेल्या बदलांना कोणी विचारत नाही. या आज्ञेशी माझे नाते जडलेले असल्याने मी एक्स-११ वरच राहिलो आहे.

खरी परीक्षा केबल काढताना होते. ‘केवळ बाहेरचा मॉनिटर’ ही अवस्था चालू असताना कोणाचा तरी पाय केबलीत अडकतो, केबल निघते, आणि लॅपटॉपचा पडदा बंदच राहतो, कारण तो बंद ठेवा असे सांगितलेले असते आणि माझा विंडो मॅनेजर न विचारता काही करणाऱ्यांतला नाही. उपाय पाठ आहे: शॉर्टकटने टर्मिनल उघडायचे, अंधारातच ‘एक्सरँडआर’ आणि त्यापुढे ‘ऑटो’ टंकायचे, आणि एंटर दाबायचे. हे सर्व मी एकदा अतिशय अचूकपणे केले. काही झाले नाही. पुन्हा केले, या वेळी सावकाश, प्रत्येक अक्षर मनात उच्चारत. थोड्या वेळाने आठवले की त्याआधी एक मराठी पत्र लिहीत असल्यामुळे कळफलक इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर होता. इनस्क्रिप्टमध्ये या आज्ञेचे पहिले अक्षर अनुस्वार आणि दुसरे दीर्घ ईकार होते. म्हणजे त्या काळ्या पडद्यामागे मी कोणत्याही व्यंजनाचा आधार नसलेले अनुस्वार आणि वेलांट्या ओळीने मांडत होतो, आणि अशी आज्ञा सापडत नसल्याचे यंत्र तितक्याच सभ्यपणे, मला न दिसेल अशा ठिकाणी कळवत होते.

तेव्हापासून मी ‘ऑटोरँडआर’ बसवले आहे. ते प्रत्येक मॉनिटरला त्याच्या ईडीआयडीवरून ओळखते आणि त्याच्यासाठी ठरवून ठेवलेली मांडणी स्वतःहून लावते. ओळखीच्या मॉनिटरांपुरते ते उत्तम चालते. परवा एका सभागृहातील प्रोजेक्टरने मात्र परिचयपत्र दिलेच नाही, बहुधा लांबलचक केबलीत ते वाटेत हरवले, तेव्हा यंत्रणेने १०२४ गुणिले ७६८ या जुन्यापान्या रिझोल्यूशनचा आसरा घेतला. माझ्या तक्त्यांचे उजवीकडचे रकाने भिंतीवर आलेच नाहीत. व्याख्यानानंतर मागच्या रांगेतील दोघे आवर्जून येऊन म्हणाले की, अक्षरे इतकी मोठी ठेवण्याचा विचार सहसा कोणी करत नाही.