खुलासा : चिमट्यांवर शून्य व्होल्ट दिसले म्हणजे चार्जर जळाला असे नाही

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांत एक मेसेज फिरतोय : बॅटरीवरच्या फवारणी पंपाचा चार्जर लाइटीला लावा, बॅटरीला जोडायचे त्याचे चिमटे मोकळे ठेवून त्यांना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा, शून्य आलं तर चार्जर गेला. जुन्या, साध्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरला हे लागू पडायचं. आताच्या बऱ्याच ऑटोमॅटिक चार्जरना नाही.

त्यांतलं सर्किट आधी चिमट्यांवर बॅटरीचं व्होल्टेज आहे का, प्लस-मायनस उलटं तर नाही ना, हे बघतं आणि मगच करंट सोडतं. बॅटरीच नसेल तर शून्य येणारच! चिमटे चुकून एकमेकांना टेकले तर ठिणगी उडू नये, म्हणून तर ही सोय. काही चार्जर येणाऱ्या लाइटीवरही लक्ष ठेवतात. तिचं व्होल्टेज फार पडलं की थांबतात, सुधारलं की पुन्हा सुरू.

तेव्हा मीटर बॅटरी जोडूनच लावा. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी समजा १२.२ दाखवतेय आणि चार्जर चालू केल्यावर आकडा हळूहळू १४ च्या आसपास चढला, तर चार्जर ठणठणीत आहे. अगदी उतरलेली बॅटरी मात्र अशा चार्जरला कित्येकदा दिसतच नाही. त्यामुळे चार्जर भंगारात द्यायच्या आधी शेजारच्याची चांगली बॅटरी लावून बघाच.