पाचोळा पसरायचा की पेटवायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पाचोळ्याचं आच्छादन ही हौशी लोकांची टूम आहे, त्याने वाळवी लागते, सापकिरडू येतं, पानं कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात. त्यापेक्षा ढीग पेटवा आणि राख घाला, कोकणात राब भाजतातच की – असं तुम्ही लिहिलंय. राबापासूनच सुरुवात करते.

राब भाजतात तो भात-नाचणीच्या रोपांच्या वाफ्यापुरता. तेवढ्या तुकड्यावर शेण, कवळ (छाटलेल्या पानांच्या डहाळ्या), गवत, पातेरा रचून पेटवायचं. धग मातीत उतरते, तणाचं बी मरतं, रोप जोमाने येतं. अख्खं शेत कोणी भाजत नाही. बागेच्या कोपऱ्यात पेटवलेल्या ढिगाची धग तुमच्या जास्वंदीला काय उपयोगाची? हाती उरते घमेलंभर राख. तिच्यात पालाश (पोटॅश) आणि चुना असतो हे कबूल, पण नत्र धुराबरोबर गेलेलं असतं. ज्या नत्राची तुम्हाला काळजी, तेच तुम्ही जाळताय! कोकणातल्या आंबट तांबड्या मातीला राख थोडीफार मानवते. देशावरच्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच जास्त, तिथे राखेचा आग्रह कशाला? शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये बंदी घातली आहे, दंड 5,000 रुपये.

नत्राचा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे. वाळक्या पानात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र तुटपुंजं. ती कुजवणारे जिवाणू कमी पडलेलं नत्र मातीतून उचलतात. पण पानं मातीत कालवली तर हे मुळांपाशी घडतं, वर पसरली तर मातीच्या वरच्या पापुद्र्यात. म्हणून कोवळ्या रोपांच्या वाफ्यात वाळका पाला गाडू नका, एवढंच. उसाच्या पाचटाबद्दल, म्हणजे वाळक्या पानांबद्दल, हाच वाद वर्षानुवर्षं चालला. खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या उसात) पाचट ठेवायचं तर दर टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू टाका, अशी शिफारस आहे ती याचसाठी. घरच्या बागेत शेणाची स्लरी किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं पाणी) शिंपडलं तरी भागतं.

वाळवीबद्दल वाद घालणार नाही. कोरडा पाचोळा दिसला की ती येणारच; मेलेली पानं-लाकूड हेच तिचं खाणं. म्हणून घराच्या भिंतीला, दाराच्या चौकटीला लागून आच्छादन नको, खोडाभोवतीही वीतभर जागा मोकळी हवी. बाकी थर ओलसर ठेवला तर पानं लवकर कुजतात आणि तिच्यासाठी फारसं काही उरत नाही. साप येतो तो उंदरामागे आणि दडायला जागा असेल तिथे. तीन-चार इंचांच्या थरात ती सोय नसते, महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या ढिगात असते. तेव्हा ढीग साठवू नका, पसरा.

तुमच्याकडे साग आणि आंबा आहे म्हणता. सागाची पानं अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून पाणी बाहेर वाहून जातं; गोणीत भरून काठीने बडवून घ्या. आंब्याचं पान चिवट, त्यात शिरीष, गुलमोहर, वर्षावृक्ष यांची बारीक पानं मिसळा. नीलगिरीची पानं मी रोपांजवळ वापरत नाही.

तुम्ही न मांडलेला, पण माझ्या मते सगळ्यात रास्त आक्षेप पावसाळ्याचा. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीचा थर उन्हाळाभर ओल धरतो, मुळं गार ठेवतो. खरी गरज तेव्हाच असते. झड लागल्यावर तोच थर चिंब राहतो, खोडं सडतात, खाली शंखी गोगलगायी आणि पैसा किडे मुक्काम ठोकतात. मी मृगाच्या सुमाराला उरलेला पाला ओढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकते आणि पाऊस ओसरला की पुन्हा पातळ थर देते.