मापात पाप

तुमच्या दूध-दही-आइस्क्रीमच्या कंपनीत 'सस्टेनेबिलिटी'चं खातं तुमच्या गळ्यात पडलंय, त्याबद्दल अभिनंदन. घाबरू नका. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण-समाजाच्या जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केलाय, म्हणजे कार्बनचे आकडे द्यावे तर लागणारच. ते कसे द्यायचे, एवढंच शिकायचंय.

सुरुवात नेहमी ऑफिसातल्या दिव्यांपासून करावी. विजेचं बिल दर महिन्याला येतं, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या अकाउंट्सवाल्याकडे असतात. लिटरला साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, झाला गुणाकार. स्वतः जाळलेल्या डिझेलला स्कोप १ आणि विकतच्या विजेला स्कोप २ म्हणतात. अहवालाची बारा पानं यातच भरवा. मध्ये रोप लावतानाचा एमडी साहेबांचा फोटो टाका. रोप जगलं का, हे विचारायची पद्धत नाही.

आता दुधाच्या कार्बनचा मोठा वाटा गोठ्यात आणि चाऱ्याच्या शेतात तयार होतो, ही गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच. गाय रवंथ करते, ढेकर देते, त्यातून मिथेन जातो. मक्याला टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो. हे सगळं कंपनीच्या भिंतीबाहेरचं, म्हणून स्कोप ३ मध्ये येतं. त्याचे १५ प्रकार आहेत, पण बीआरएसआरमध्ये तो रकाना ऐच्छिक आहे. 'ऐच्छिक' हा शब्द लॅमिनेट करून टेबलावर ठेवा.

एखादा परदेशी गिऱ्हाईक हटूनच बसला, तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीची २००६ ची मार्गदर्शिका काढा. भारतीय उपखंडातली दुभती गाय वर्षाला ५८ किलो मिथेन सोडते, असं तिथे सरासरीने दिलंय. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो असं धरतात, म्हणून त्याला २८ ने गुणा, गाईमागे सव्वासोळाशे किलो कार्बन हातात येतो. मग ती गाय परदेशी जातीची एचएफ असो की गावठी, ओला मका खावो की नुसता कडबा. गोठ्यात जायची गरज नाही, बूटही खराब होत नाहीत.

खरोखर मोजायच्या फंदात मात्र पडू नका. इंग्लंडातल्या वॉकर्स वेफर्सवाल्यांनी ती चूक केली. २००७ मध्ये त्यांनी पाकिटावर '७५ ग्रॅम कार्बन' असं छापलं, आणि तो आकडा काढायला थेट शेतापर्यंत गेले. तिथे काय निघालं? बटाट्याचा भाव वजनावर, म्हणून शेतकरी तो दमट गोदामात ओला राखायचे. आणि तेच पाणी तळून उडवायला कारखाना जास्तीचा गॅस जाळायचा. म्हणजे खोट खरेदीच्या कागदातच होती. असलं काही सापडलं की खरेदी खात्याशी भांडण आलं. तुम्हाला त्याच कँटीनमध्ये जेवायचंय.

त्यापेक्षा खर्चावरून मोजण्याची पद्धत घ्या. दूध खरेदीला किती रुपये गेले, गुणिले रुपयामागे ठरलेला कार्बन. सर्वमान्य पद्धत आहे, कोणी बोट ठेवणार नाही. हिची खरी गोडी वर्षाअखेरीला कळते. शेतकऱ्याचा दर लिटरमागे दोन रुपयांनी पाडा, की कंपनीचा कार्बनही खाली! गाय तीच, ढेकर तीच. याला अहवालात 'पुरवठादारांच्या सहकार्याने साधलेली घट' म्हणावं.

शेवटी 'प्रत्यक्ष क्षेत्रभेट' दाखवावी लागते, तेवढी करा. आम्हीही केली होती. पहाटे साडेपाचला संकलन केंद्रावर आमचा एक पोरगा टॅब घेऊन उभा राहिला. बायाबापड्या किटल्या घेऊन रांगेत. फॅटच्या यंत्रात चमचाभर दूध गेलं, पावती निघाली: फॅट ३.३. साडेतीनच्या खाली गेलं की प्रत्येक पॉइंटला पैसे कापतात, यंत्राची त्यात अजिबात गफलत होत नाही. पोरग्याने विचारलं, "आजी, तुमच्या गाईचं रोजचं कोरडं खाद्य किलोत किती?"

आजीने पावती त्याच्यापुढे धरली. "ते लिही तुला वाटंल ते. पन काल साडेतीन लागलं हुतं, आज तीन पॉइंट तीन कसं, ते तुझ्या त्या पाटीत दिसतंय का बघ."

अशा प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नसतो. 'इतर शेरे' खाली टाका आणि सबमिट दाबा.