लिफाफा मिळाला का?

२०२३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करत असताना माझ्याकडे युनियनच्या शाखेचे एक काम चालून आले, आणि समोरच्याला नाही म्हणण्याची कला अंगी नसल्यामुळे मी ते स्वीकारले. काम दिसायला सोपे होते. पगारवाढीसाठी संप करावा की नाही याबद्दल सभासदांचा कौल घेतला जाणार होता, प्रत्येकाच्या घरी टपालाने मतपत्रिका जाणार होती, आणि मी माझ्या यादीतल्या साठ जणांना एवढेच विचारायचे होते, की लिफाफा मिळाला का, आणि मिळाला असल्यास मत नोंदवून तो परत टपालात टाकला का. लालबागच्या चाळीत वाढलेल्या आणि गणपतीची वर्गणी गोळा करण्यात उमेदवारी केलेल्या माणसाला साठ घरे म्हणजे काय, असे मला वाटले. वर्गणी नाकारणारा निदान दार उघडून नाकारतो, हा फरक नंतर लक्षात आला.

इथल्या कायद्याची तेव्हाची तऱ्हा आधी सांगायला हवी. १९८४ साली थॅचरबाईंच्या सरकारने संपाआधी गुप्त मतदान घेणे युनियनांना भाग पाडले, १९९३ च्या कायद्याने ते टपालानेच घेण्याचा दंडक घातला, आणि २०१६ च्या कायद्याने त्यावर कळस चढवला. मतदानाचा हक्क असलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी मत दिलेच पाहिजे. तेवढे भरले नाहीत, तर मत देणाऱ्यांनी एकमुखाने ‘होय’ म्हटले तरी सगळे मुसळ केरात. बरे, मिळालेला कौलही तेव्हा दुधासारखा नासायचा. सहा महिने उलटले की पुन्हा नवे लिफाफे. डिसेंबर २०२२ मध्ये संपावर गेलेल्या परिचारिकांच्या संघटनेला म्हणूनच दुसऱ्यांदा कौल घ्यावा लागला, आणि जून २०२३ मध्ये मत देणाऱ्यांपैकी ८४ टक्के संपाच्या बाजूने असूनही मतदानच ४३ टक्के झाल्यामुळे तो बाद ठरला. त्याआधी जानेवारीत मुख्याध्यापकांच्या संघटनेचे गाडे ४२ टक्क्यांवर रुतले होते, आणि त्यांची तक्रार अशी होती की टपाल वेळेवर पोचलेच नाही, कारण दरम्यान टपाल कर्मचारीच संपावर होते. एका संपाने दुसऱ्या संपाचे पाय ओढावेत, ही कल्पना एखाद्या फार्सलेखकाला सुचली असती, तरी दिग्दर्शकाने ती अतिशयोक्ती म्हणून कापली असती.

निम्म्यांची ही अट सगळ्यांनाच लागू असती, तरी मी गप्प बसलो असतो. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये याच देशात पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या आयुक्तांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा सरासरी १५ टक्के मतदान झाले, न्यूपोर्टमधल्या एका केंद्रावर तर दिवसभरात एकही मतदार फिरकला नाही, आणि तरीही सगळे आयुक्त रीतसर निवडून येऊन खुर्चीत बसले. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांनी या बाबतीत जी सोय करून ठेवली आहे, तिचे मोल मला परदेशात कळले. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची, त्या अर्ध्या तासात चहा घ्यायचा, आणि मग त्याच जागी, त्याच विषयांवर, गणसंख्येची अट न लावता ती पुढे चालवायची! ही युक्ती मी शाखेच्या चिटणीसबाईंना सांगितली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी लाच देण्याची पद्धत समजावून सांगत होतो.

तर मी फोन करू लागलो. पहिल्या आठवड्यात जे कळले ते असे, की मतपत्रिकेचा लिफाफा पांढरा असतो, तो दाराच्या फटीतून पायपुसण्यावर पडतो, आणि पिझ्झाच्या जाहिराती व जुन्या भाडेकरूच्या नावाने आलेली पत्रे यांच्याबरोबर त्याची थेट रद्दीत रवानगी होते. सात जणांनी घर बदलले होते आणि युनियनला कळवले नव्हते. एकाने मत देऊन टाकले असल्याचे छातीठोकपणे सांगितले. चौकशीअंती त्याने नगरपालिकेच्या निवडणुकीत मत दिले होते असे निघाले. औषध विभागातल्या आमच्या सांगलीकर भगिनींनी मात्र मला धीर दिला.

“दादा, मी पहिल्याच दिवशी खूण करून लिफाफा बंद केला.”

“मग टाकला का?”

“पर्समध्ये आहे ना! रोज बरोबर असतो माझ्या.”

त्यांच्या घराच्या कोपऱ्यावरच लाल टपालपेटी होती. तिच्याजवळून त्या रोज जात असत, पण बसमधून. लिफाफ्याला तिकीट लावायचे नव्हते, पत्ता लिहायचा नव्हता. फक्त बसमधून उतरायचे होते. माझ्या काकांना १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या गर्दीत सामील व्हायला कुठलीही पेटी शोधावी लागली नव्हती. अर्थात, त्या संपाचे पुढे काय झाले हे लालबागकराला सांगायला नको, त्यामुळे प्रत्येकाचा कौल कागदावर घेण्याला माझा मुळीच विरोध नाही. माझे भांडण केवळ त्या पेटीशी होते.

सर्वांत कठीण प्रकरण निघाले आमच्याच प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ तंत्रज्ञांचे. तीस वर्षे नोकरी झालेले हे गृहस्थ संपाच्या साफ विरोधात होते, आणि माझ्या यादीत लिफाफा आल्या दिवशीच उघडून आतला मजकूर पूर्ण वाचलेले ते एकमेव सभासद होते. मी त्यांना खुशाल ‘नाही’वर खूण करा, पण मत द्या, अशी विनंती केली. त्यांनी संशयाने कारण विचारले, आणि खोटे बोलण्याची ताकद न उरल्यामुळे मी खरे सांगितले. हजार सभासदांपैकी ४९० जणांनी ‘होय’ म्हटले आणि बाकीचे घरी बसले, तर कौल बाद होतो. पण त्यात दहा जणांनी येऊन ‘नाही’ म्हटले, की पाचशे भरतात आणि संप कायदेशीर ठरतो.

त्यांनी रक्ताच्या नमुन्यासोबत येणाऱ्या एका जुन्या अर्जाच्या पाठीवर हे गणित स्वतः मांडून पाहिले आणि चष्मा काढला. “म्हणजे संप टाळायचा असेल, तर मी विरोध नोंदवता कामा नये?”

“तसेच काहीसे,” मी म्हणालो.

पुढचे नऊ दिवस तो लिफाफा सेंट्रीफ्यूजच्या वरच्या फळीवर उभा होता. नळ्या आत फिरू लागल्या की तो हलके थरथरायचा, आणि आम्ही दोघे त्याच्याकडे बघायचे टाळायचो. एवढ्या गांभीर्याने मत न देण्याचा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. यादीतल्या इतरांनी तेच काम विचार न करता सहज उरकले होते. दहाव्या दिवशी फळी रिकामी दिसली. मत न देणे वडिलांना आवडले नसते, एवढेच ते म्हणाले, आणि कामाला लागले. संपाच्या बाजूने इतकी मोलाची मदत आमच्या एकाही समर्थकाने केली नाही.

तरीही निकाल लागला तो आमच्या विरुद्धच. ‘होय’चा डोंगर होता, पण निम्म्याची रेघ थोडक्यात हुकली. सांगलीकर भगिनींचा लिफाफा मुदत संपल्यानंतरच्या सोमवारी टपालात पडला, असे त्यांनी स्वतःच आनंदाने कळवले. त्याच दुपारी उपाहारगृहात माझ्या यादीतला चौतिसावा सभासद भेटला. त्याला मी चार फोन आणि दोन निरोप केले होते आणि त्याने एकालाही उत्तर दिले नव्हते. तो ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “संपाची तारीख नक्की कोणती धरायची? मला त्या दिवसाची दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवायची आहे.”