डिझेल मातीत मुरलं की संपलं म्हणे! मामांच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

खानापूरकडच्या माझ्या मामांनी डिझेलच्या टाकीभोवती, गळालं-सांडलं तर आतच अडावं म्हणून, कट्टा बांधायला गवंडी सांगून ठेवला होता, चिरे पण येऊन पडलेत, आणि परवा फोनवर म्हणतात "ऱ्हाऊ दे आता, ग्रुपवर आलंय काय गरज नाही म्हणून." मेसेज मागवून घेतला. 2500 लिटरपर्यंत कसलाच नियम नाही, डिझेल पेटत नाही, सांडलं तर मातीत मुरून आठ दिवसात उडून जातं, आणि कट्टा बांधला तर नुसतं पावसाचं पाणी साचतं, असं त्यात लिहिलंय.

मुरून उडून जातं हे कुणी शोधून काढलं ओ? उडतं ते पेट्रोल. डिझेल जड, सावकाश उडतं, आणि एकदा जमिनीत उतरलं की हवाच लागत नाही मग उडणार कुठनं, महिनोन्महिने तिथंच बसतं. त्यात मामांच्याकडं खाली सगळा जांभा, भोकाभोकांचा दगड, पावसाळ्यात वरनं ओतलेलं पाणी बघता बघता खाली जातं तसंच डिझेल पण जाणार. पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळं भूजलावर तरंगतं आणि पाणी जिकडं सरकेल तिकडं जातं. मामांच्या टाकीपासनं विहीर चाळीस पावलांवर, ती पण उताराला! त्याच विहिरीचं पाणी घरात पितात, गोठ्यात जनावरं पितात. पलीकडच्या ओढ्याचं पाणी मलप्रभेला मिळतं, म्हणजे खालच्या गावांचा पण प्रश्न आलाच. मागच्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एकाच्या बॅरलचा कॉक रात्रभर ठिबकत राहिला, अर्धं बॅरल गेलं, दिवाळी झाली तरी त्यांच्या विहिरीच्या पाण्याला वास येत होता.

आता 2500 लिटरचं. हे अर्धं खरं आहे, मान्य करतो. पेट्रोलियम कायदा 1934, कलम 7, डिझेल ज्या 'ब' वर्गात येतं त्याला एका जागी एकूण 2500 लिटरपर्यंत लायसन्स लागत नाही. पण त्याच वाक्यात पुढं दुसरी अट आहे, त्यातलं कुठलंही एक भांडं 1000 लिटरपेक्षा मोठं नको. मेसेजवाल्यानं ती खाऊन टाकली आणि तो मेसेज वाचून मामेभाऊ सेकंडहँड 2000 लिटरची लोखंडी टाकी बघायला निघाला होता. ती आणली असती तर सूट गेली असती. आणि लायसन्स माफ म्हणजे सगळं माफ नव्हे, 1974 च्या पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम 24 मध्ये ओढ्यात, विहिरीत, जमिनीवर जाणूनबुजून घाण सोडायला किंवा जाऊ द्यायला बंदी आहे.

"अमेरिकेत पण लहान टाकीला लागत नाही" अशी पण एक ओळ आहे. तिथला तेलगळती रोखायचा नियम एकूण साठा 1320 गॅलनच्या, म्हणजे साधारण 5000 लिटरच्या वर गेला की लागू होतो, ते बरोबर. पण इंग्लंडचा 2001 चा नियम (घरगुती आणि शेतीचा साठा सोडून) 200 लिटरच्या वर लगेच सुरू होतो, आणि कट्ट्यात टाकीच्या 110 टक्के मावलं पाहिजे म्हणतो. सोयीचा तेवढा देश उचललाय.

पेटत नाही म्हणणाऱ्यांना एवढंच, पेट्रोलसारखं भडकत नाही पण आपल्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेते तो, किमान 35 अंश ठरवलाय, म्हणजे एप्रिलच्या उन्हात पत्र्याजवळ तापलेल्या टाकीपाशी विडी ओढायची नाही.

पाणी साचतं हे मात्र खरं. त्याला वर पत्रा घाला, तळाला कॉक बसवा आणि तो कायम बंद ठेवा. पाणी काढताना स्वतः उभं राहून बघायचं, वर तवंग दिसला की कॉक बंद, राहिलेलं बादलीनं वेगळं काढायचं. कॉक उघडा ठेवून घरी गेला तर कट्टा बांधून उपयोग नाही.

मामा, तुमच्या हजार लिटरच्या टाकीला आतनं 6 बाय 5 फूट आणि दीड फूट उंच कट्टा पुरतो, साधारण 1270 लिटर मावतंय. आतनं कोबा आणि गिलावा चांगला करून घ्या, नुसत्या चिऱ्यातनं डिझेल पाझरतं. टाकी उंच स्टँडवर ठेवू नका, वरनं भोक पडलं तर धार कट्ट्याच्या बाहेर पडते. गवंड्याला मी फोन केलाय, सोमवारी येतो म्हणालाय.