खुलासा: टनेल अप दिसला म्हणजे डेटा एन्क्रिप्ट झाला असं नाही

चार दिवस आपल्या दुकानदार नी हॉटेलवाल्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय की दोन ब्रांचच्या राउटरमध्ये जीआरई टनेल (दोन राउटरना जोडणारा आभासी रस्ता) टाका, त्याचा इंटरफेस अप, म्हणजे चालू, दिसला की म्हापसा-मडगाव मधला सगळा डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे तिसऱ्याला वाचता न येणारा. हे चुकीचं आहे. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, टनेल म्हटलं की कुणालाही बंदिस्तच वाटतं. पण जीआरई पॅकेटवर फक्त दुसरं पाकीट चढवतं, कुलूप लावत नाही.

काल रात्री फोंड्याला दोन राउटर टेबलावर मांडले, मधल्या स्विचवर पोर्ट मिरर करून (जाणाऱ्या डेटाची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क, म्हणजे पॅकेटं उघडून बघायचं सॉफ्टवेअर, लावला नी एक नमुना बिल साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या एचटीटीपीने पाठवलं, तर गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम, सगळं सरळ वाचता येत होतं. मग टनेलवर आयपीसेक (डेटा एन्क्रिप्ट करणारी पद्धत) प्रोफाइल लावून तेच बिल परत पाठवलं, आता नुसती ईएसपीची, म्हणजे आयपीसेकने एन्क्रिप्ट केलेली पॅकेटं, आत काय आहे काहीच कळेना. आणि कीपअलाइव्ह (पलीकडचा राउटर चालू आहे का ते तपासत राहणारा संदेश) लावला नसेल तर सिस्को कंपनीच्या राउटरवर पलीकडचा राउटर बंद असला तरी टनेल अपच दाखवतो, तिथवरचा रूट असला की झालं.

त्यामुळे सिस्को राउटरवर ‘शो क्रिप्टो आयपीसेक एसए’ ही कमांड मारा, पिंग (पलीकडे जाऊन परत येणारी चाचणीची पॅकेटं) चालू ठेवून एन्क्रिप्ट आणि डिक्रिप्ट दोन्ही आकडे वाढतायत का बघा. आयपीसेक चालायला फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ५००, ४५०० आणि प्रोटोकॉल ५० (ईएसपी) सोडायला लागतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका. हॉटेलांच्या लिंकवरून पाहुण्यांच्या पासपोर्टच्या कॉप्या जातात हो.